छातीत हवा लीक झालीये, रिपोर्टमध्ये हृदयाभोवती हवा लिहिलंय, पण डॉक्टर नळी घालत नाहीयेत. असं कसं?

कृष्णाकाठची_मावशी (सोमवार, रात्री १०.५०)

नमस्कार मंडळी, घाईत टाइप करतेय, चुका पोटात घाला. माझा भाचा, वय १९, पुण्यात इंजिनिअरिंगला, हॉस्टेलवर असतो, लहानपणापासून दमा आहे. शनिवारी कराडला घरी आला तोच खोकत आला. रविवारी सकाळी छातीत अगदी मधोमध दुखायला लागलं, श्वास आत ओढला की जास्त, आडवं झालं की त्याहून जास्त, घसाही दुखतोय म्हणाला आणि आवाज बदललेला, नाकातून बोलल्यासारखा. ताईच्या सासूबाईंनी हिंग कालवून बेंबीला लावला, ओवा चावायला दिला, कारण "पोराला छातीत गॅस चढलाय". दुपारी ताई त्याच्या मानेला बाम चोळायला गेली तर हाताखाली कातडी कुरकुरली, चुरमुऱ्यांची पिशवी दाबावी तशी. मग जी धावाधाव झाली ती विचारू नका.

एक्स-रे झाला, ईसीजी झाला, सीटी झाला. रिपोर्टमध्ये लिहिलंय न्यूमोमीडियास्टिनम, सोबत मानेत कातडीखाली हवा, आणि एक ओळ अशी की हृदयाच्या डाव्या कडेने हवेची रेघ दिसतेय. ही ओळ वाचून ताई खालीच बसली. ऑक्सिजन ९७, नाडी १०४, ताप नाही. डॉक्टर शांत. म्हणाले ॲडमिट करू, मास्कने ऑक्सिजन देऊ, दुखण्यावर गोळी, दम्याची औषधं, आणि बाकी काही करायचं नाही, बघत राहायचं. काही करायचं नाही म्हणजे काय? आमच्या शेजारच्या मुलाच्या छातीत हवा झाली होती तेव्हा तासाभरात नळी घातली होती त्याला, बाटली लावली होती पाच दिवस. इथे तर हृदयाभोवती हवा आहे आणि हे म्हणतात बघू. मेव्हणे पुण्याला हलवायचं म्हणतायत, रात्रीच ॲम्ब्युलन्स सांगू म्हणतायत. हृदयाला भोक तर पडलं नसेल ना? कुणाला अनुभव आहे का, कृपया लवकर सांगा.

---

हिंगाष्टक (सोमवार, रात्री ११.०५)

मावशी घाबरू नका. आपल्याकडे याला ऊर्ध्ववात म्हणतात, सासूबाईंचं अगदीच चूक नाही. बरं वाटलं की लगेच रोज सकाळी दहा फुगे फुगवायला लावा आणि कपालभाती, फुप्फुसं मजबूत होतात. माझ्या मेहुण्याला कोविडनंतर याच उपायाने फरक पडला होता.

---

दोनदा_पंक्चर (सोमवार, रात्री ११.२०)

हिंगाष्टकसाहेब, फुग्यांचं थांबवा जरा, कुणी डॉक्टर येईपर्यंत.

मावशी, मी नळीवाला माणूस आहे, एकदा नाही दोनदा. उंची सहा फूट एक इंच, वजन तेव्हा ५८ किलो, वय २४, दिवसाला सात-आठ सिगरेटी, म्हणजे न्यूमोथोरॅक्सला (फुप्फुसाच्या बाहेर बाजूच्या पिशवीत हवा साठते तो आजार) पाठवायचं आमंत्रणच. एसटीत बसलो होतो, काही उचललं नाही की खोकलो नाही, अचानक उजव्या बाजूला सुरी खुपसल्यासारखं झालं आणि श्वास अर्ध्यावर अडकायला लागला. एक्स-रेत उजवं फुप्फुस आकसून मुठीएवढं झालेलं. बरगड्यांच्या मधून काखेखाली नळी घातली, आयसीडी म्हणतात तिला, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्याखाली. पहिल्या दिवशी खोकलो की बाटलीत बुडबुडे यायचे, ती आतली गळती, आणि श्वासाबरोबर नळीतलं पाणी वरखाली व्हायचं. मी तासन्‌तास ते पाणी बघत बसायचो, टीव्हीपेक्षा बरं. बुडबुडे थांबले, फुप्फुस फुगून भिंतीला लागलं, मग नळी काढली.

सांगायचा मुद्दा, माझी हवा फुप्फुसाच्या बाहेर पण बाजूच्या पिशवीत होती. तुमच्या भाच्याची मधे आहे. शेजारच्या मुलाची बहुतेक माझ्यासारखीच असणार. नाव ऐकायला सारखं, प्रकार वेगळा. पुढचं डॉक्टर लोक सांगतील.

एक विनंती, आयसीडी वाला कुणी घरी असेल तर बाटली कायम छातीच्या खाली ठेवायची. एकदा मला स्ट्रेचरवरून नेताना एका मदतनीसाने बाटली उचलून माझ्या पोटावर ठेवली होती आणि पाणी नळीतून उलटं चढायला लागलं, मी जो ओरडलो तो अख्ख्या वॉर्डाने ऐकला.

---

बरगडीमागचा (सोमवार, रात्री ११.५५)

मी छातीरोगतज्ज्ञ आहे, सोलापूरला असतो. मी पेशंट बघितलेला नाही, सीटी बघितलेला नाही, त्यामुळे निर्णय तिथल्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून ते बरोबर करतायत असं वाटतंय आणि का ते सांगतो.

पहिलं, हृदयाला भोक पडलेलं नाही. दुसरं, हा पोटातला गॅस नाही, ही श्वासातली हवा आहे, त्यामुळे ओव्याने ना फायदा ना तोटा.

आता छाती ही एक खोली नाही. वाड्यासारखं समजा. दोन बाजूंना दोन बंद खोल्या, एकेका खोलीत एकेक फुप्फुस, आणि प्रत्येक फुप्फुसाभोवती दोन पदरी पिशवी, ते फुप्फुसावरण. दोन खोल्यांच्या मधे माजघर. माजघरात हृदय, श्वासनळी, अन्ननलिका, मोठ्या रक्तवाहिन्या. आणि माजघरात हृदय पुन्हा स्वतःच्या वेगळ्या पिशवीत, ते हृदयावरण. हवा यातल्या कुठल्या जागेत शिरली यावर सगळं ठरतं. बाजूच्या पिशवीत शिरली तर न्यूमोथोरॅक्स, हे दोनदापंक्चर भाऊंचं. माजघरात शिरली तर न्यूमोमीडियास्टिनम, हे तुमच्या भाच्याचं. हृदयाच्या पिशवीच्या आत शिरली तर न्यूमोपेरिकार्डियम, हे मोठ्या माणसात फार क्वचित.

मग माजघरात हवा आली कुठून? फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हे पटकन कळेल. वरच्या मजल्यावर बाथरूममध्ये गळती असते आणि ओल मात्र तुमच्या हॉलच्या भिंतीवर येते, कारण पाणी पाइपाच्या कडेकडेने झिरपत येतं. तसंच. दम्यात बारीक श्वासनळ्या आवळतात, हवा आत जाते पण बाहेर पडत नाही, त्यात जोराचा खोकला, म्हणजे घसा बंद ठेवून आतून दाब. फुप्फुसातला हवेचा एखादा बारीक फुगा फुटतो. तो जर रक्तवाहिनीला चिकटलेला असेल तर हवा बाहेरच्या पिशवीत न जाता रक्तवाहिनीच्या वेष्टणाच्या कडेकडेने उलटी फुप्फुसाच्या मुळाकडे सरकत जाते आणि तिथून माजघरात. कॅनडातल्या चार्ल्स मॅक्लिन यांनी १९३९ साली मांजरांवर प्रयोग करून हा रस्ता दाखवला, म्हणून सीटी रिपोर्टमध्ये आजही कधीकधी मॅक्लिन इफेक्ट असा शब्द येतो.

आणि आता तुमचा मूळ प्रश्न, नळी का नाही. बाजूची खोली बंद आहे. तिथे हवा साठत गेली तर तिला जायला वाट नाही, फुप्फुस दाबलं जातं, आणि गळतीची जागा झडपेसारखी वागली, म्हणजे हवा आत येतेय पण परत जात नाही असं झालं, तर दाब इतका चढतो की हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं. त्याला टेन्शन न्यूमोथोरॅक्स म्हणतात आणि तिथे मिनिटं मोजायची असतात, एक्स-रेची वाट न बघता सुई टोचून हवा काढतात. माजघर मात्र वरून उघडं आहे, मानेपर्यंत सलग. हवा जमली की ती वर मानेत कातडीखाली निघून जाते. म्हणजे ज्या कुरकुरीमुळे ताई घाबरल्या ती कुरकुर म्हणजे वाड्याचं धुराडं आहे. तिथून दाब मोकळा होतोय. आवाज नाकातला झालाय तोही घशामागच्या भागात हवा गेल्यामुळे. नळी घालायला तिथे बंद साठाच नाही, हवा पेशींच्या मधल्या सैल जागेत पसरलेली असते. खूपच दाब चढला तर तेही करावं लागतं, पण ते विरळा.

ऑक्सिजन कशासाठी देतात तर श्वास कमी पडतोय म्हणूनच असं नाही. आपल्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, अडकलेल्या हवेतही तोच. जास्त ऑक्सिजन दिला की रक्तातला नायट्रोजन कमी होतो आणि अडकलेला नायट्रोजन रक्तात शोषला जायचा वेग वाढतो. कुठलंही छिद्र न पाडता हवा काढायची ही पद्धत.

हृदयाच्या कडेची रेघ बहुतेक हृदयावरणाच्या बाहेरची, माजघरातलीच हवा आहे. आतली असती तर ती हृदयाभोवती कड्यासारखी दिसते, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मुळाच्या वर चढत नाही आणि मानेत जात नाही. तुमची मानेपर्यंत गेलीये. तरी उद्या राउंडला डॉक्टरांना हा एकच प्रश्न सरळ विचारा, हवा हृदयावरणाच्या आत आहे की बाहेर.

आता मला तुमच्याकडून हवंय. एक, दुखण्याच्या आधी उलट्या झाल्या होत्या का, जोराच्या? दोन, दुखायच्या आदल्या दोन दिवसांत पोरगा नक्की काय करत होता? जिममध्ये वजन, हुक्का, गांजा, पाण्यात बुडी, काहीतरी फुंकणं. त्याला एकट्याला विचारा, आईसमोर सांगणार नाही. तीन, दम्याचा पंप रोज घेतो का?

आणि हिंगाष्टक, राग मानू नका, पण या मुलाला आत्ता फुगे फुगवायला लावणं म्हणजे फुटलेल्या पाइपला मोटर लावणं.

---

हिंगाष्टक (मंगळवार, सकाळी ७.१०)

चूक मान्य. पण मेहुण्याला डॉक्टरांनीच तीन बॉलवालं यंत्र दिलं होतं की.

---

बरगडीमागचा (मंगळवार, सकाळी ७.४०)

ते यंत्र ओढायचं असतं, फुंकायचं नसतं. तीन बॉल श्वास आत घेऊन वर उचलायचे. निम्मे लोक उलटं धरून फुंकतात आणि बॉल वर जात नाही म्हणून तक्रार करतात. फुंकताना आणि ओढताना छातीतला दाब उलट्या दिशेने जातो, फरक तिथेच आहे.

---

कृष्णाकाठची_मावशी (मंगळवार, दुपारी १.३०)

डॉक्टर, तुमचे पाय कुठे आहेत. रात्री ताईला फोनवर सगळं वाचून दाखवलं, वाड्याचं धुराडं हे ऐकून ती पहिल्यांदा हसली. मेव्हण्यांनी ॲम्ब्युलन्स रद्द केली. राउंडला विचारलं, डॉक्टर म्हणाले हवा हृदयावरणाच्या बाहेरच आहे, आणि तुम्ही कुणी डॉक्टर आहात का असं विचारलं ताईला :)

उलटी नाही झाली, एकदाही नाही. पंपाचं विचारलं तर ताई गप्प. मग कळलं की पंप एप्रिलपासून बंद आहे, कारण कुणीतरी तिला सांगितलं पंपाची सवय लागते आणि पोरगं तर चांगलं पळतंय.

आणि तिसरं म्हणजे, तो आईसमोर खरंच बोलला नाही, मला एकटीला सांगितलं. हुक्का वगैरे काही नाही. यंदा तो शंखनाद पथकात गेलाय. गणपतीची प्रॅक्टिस चालू आहे, रोज संध्याकाळी दोन तास नदीकाठी. खोकला होता तरी गुरुवार-शुक्रवार गेला, कारण गैरहजर राहिलं तर मिरवणुकीत मागच्या रांगेत टाकतात. शुक्रवारी एक लांब नाद घेताना छातीत काहीतरी पट्‌ झालं असं वाटलं त्याला, पण मित्रांसमोर कसं सांगायचं म्हणून वाजवत राहिला. आता याला काय म्हणावं.

अजून एक विचित्र गोष्ट सांगतोय. रात्री डाव्या कुशीवर झोपला की छातीतून आवाज येतो म्हणे, सुक्या पाचोळ्यावर चालल्यासारखा, आणि तो श्वासाबरोबर नाही तर ठोक्याबरोबर. खरं असेल का हे, की भीतीने भास?

---

बरगडीमागचा (मंगळवार, रात्री ९.१५)

भास नाही. पोराने न शिकता एक नावाजलेलं लक्षण पकडलंय. हृदय प्रत्येक ठोक्याला भोवतालच्या हवेच्या बुडबुड्यांवर आपटतं आणि तो चरचर आवाज येतो, डाव्या कुशीवर जास्त, कारण तेव्हा हृदय छातीच्या भिंतीजवळ सरकतं. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये लुई हॅमन नावाचे फिजिशियन होते, त्यांनी याचं वर्णन केलं, तेही १९३९ सालीच, म्हणून याला हॅमन साइन म्हणतात. सगळ्यांना ऐकू येत नाही. उद्या त्याला सांगा, ड्युटीवरच्या शिकाऊ डॉक्टरला बोलावून स्टेथो लावायला दे, त्या पोराचाही दिवस चांगला जाईल.

शंखाने कोडं सुटलं. फुंकायच्या वाद्यांनी असं झाल्याच्या नोंदी आहेत, फुगे फुगवून झाल्याच्याही आहेत, बाळंतपणात कळा देताना झाल्याच्याही. शंखाचा त्यात काही दोष नाही. आवळलेल्या नळ्या, बंद पंप, खोकला आणि त्यावर लांब नाद, हे सगळं एकत्र आलं. मला विचाराल तर खरा गुन्हेगार तो "पंपाची सवय लागते" म्हणणारा. रोजच्या पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं, थेट श्वासनळीत जातं, त्याचं व्यसन लागत नाही. चष्म्याची सवय लागते म्हणून कुणी चष्मा काढून स्कूटर चालवतं का?

उलटीचं का विचारलं तेही सांगतो कारण हा माझा आवडता किस्सा आहे. जोराच्या उलटीने अन्ननलिका फाटली तरी माजघरात हवा येते, मानेत तशीच कुरकुर होते, पण तो आजार सर्वस्वी वेगळा, अन्न आणि आम्ल माजघरात सांडतं, जंतुसंसर्ग होतो आणि उशीर झाला तर माणूस जातो. हॉलंडचे हर्मन बुरहाव यांनी १७२४ मध्ये हे पहिल्यांदा लिहिलं. पेशंट होता डच नौदलाचा ॲडमिरल वासेनार, भरपेट जेवायचा आणि मग औषध घेऊन उलट्या काढायचा. एकदा असंच करताना छातीत भयंकर कळ आली आणि एका दिवसात गेला. बुरहावनी शवविच्छेदन केलं, छाती उघडली तर हवा सुटली आणि बदकाच्या मटणाचा वास आला, कारण शेवटच्या जेवणात बदक होतं. तीनशे वर्षं झाली तरी आम्ही छातीत हवा दिसली की आधी विचारतो, उलटी झाली होती का. ताप, गिळताना दुखणं, छातीत पाणी दिसणं, असं काही असेल तर अन्ननलिकेचा तपास करतात. तुमच्याकडे त्यातलं काही दिसत नाही.

---

शांत_समई (मंगळवार, रात्री १०.०५)

धागा वाचत होते, लिहू की नको असं झालं. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझे बाबा कोविडने ॲडमिट होते. त्यांच्याही रिपोर्टमध्ये हाच शब्द होता, न्यूमोमीडियास्टिनम. चेहरा सुजला होता, डोळे उघडत नव्हते, मानेला हात लावला की अशीच कुरकुर. व्हेंटिलेटर नव्हता तेव्हा, फक्त मास्कची मशीन होती. बाबा आठव्या दिवशी गेले. तेव्हापासून मला वाटत होतं की त्या मशीनच्या हवेने फुप्फुस फुटलं, आपण मशीनला हो म्हणायला नको होतं. मावशी तुम्हाला घाबरवायचं नाहीये, तुमचा मुलगा बरा होणार. मला फक्त डॉक्टरांना विचारायचंय.

---

बरगडीमागचा (मंगळवार, रात्री ११.३०)

ताई, तुम्ही हो म्हणालात ते बरोबरच होतं. त्या लाटेत मी वॉर्डात होतो. कोविडमध्ये ज्यांना कुठलंही मशीन लावलेलं नव्हतं, नुसता साधा ऑक्सिजन होता, त्यांच्यातही हे झालेलं आम्ही पाहिलं. कारण फुप्फुसाची भिंतच आजाराने कच्ची झालेली, त्यात पेशंट जीव तोडून श्वास ओढतोय, त्या ओढण्यानेही फुगे फुटतात. मशीनच्या दाबाने भर पडू शकते हे खरं, पण मशीनशिवाय ऑक्सिजन पुरत नव्हता हेही खरं. तेव्हा गळती हा आजार नव्हता, आजार किती खोल गेलाय त्याची ती खूण होती. या १९ वर्षाच्या मुलाच्या फुप्फुसाचा बाकी भाग धडधाकट आहे. रिपोर्टमधला शब्द दोघांचा एकच, माणसं दोन वेगळ्या जागी उभी होती.

---

शांत_समई (मंगळवार, रात्री ११.४८)

हं. धन्यवाद. हे चार वर्षांपूर्वी कुणाला विचारायला हवं होतं.

---

पेटीतली_बाळं (बुधवार, पहाटे ४.२०)

नाइट ड्युटीवर आहे, दोन बाळं झोपलीयेत तोवर लिहिते. मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सिस्टर आहे, बारा वर्षं झाली. वर डॉक्टर म्हणाले हृदयाच्या पिशवीत हवा हे विरळा, ते मोठ्या माणसांचं. आमच्याकडे कमी दिवसांच्या बाळांत, किंवा पोटातच शी करून ती श्वासात ओढलेल्या बाळांत, हे सगळे प्रकार दिसतात. फुप्फुस कोवळं, त्याला उघडं ठेवायला दाब द्यावाच लागतो, आणि तोच दाब जरा जास्त झाला की गळती. रात्री तीन वाजता बाळ अचानक निळं पडतं, एक्स-रेवाला यायला वेळ असतो, तेव्हा आम्ही दिवे बंद करतो आणि छातीला थंड प्रकाशाची बॅटरी लावतो. ज्या बाजूला हवा असते ती बाजू कंदिलासारखी लाल उजळते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते सुंदर वाटलं होतं, मग डॉक्टरांचा चेहरा बघितला.

हृदयाच्या पिशवीतली हवा मी दोनदाच पाहिली. मॉनिटरवर ईसीजीच्या रेघा चालू असतात पण नाडी लागत नाही, ठोके कानाला लांबून आल्यासारखे, बीपी पडतं. एक्स-रेत हृदय काळ्या कड्यात तरंगताना दिसतं. छातीच्या मधल्या हाडाच्या खालून सुई घालून हवा ओढली की रंग परत येतो, मिनिटाच्या आत. दोघांतलं एक वाचलं, आता बालवाडीत जातं, आई दर वाढदिवसाला पेढे पाठवते.

भाच्याला सांगा, तुझी हवा सगळ्यात बऱ्या खोलीत शिरलीये.

---

तारकर्लीकर (बुधवार, सकाळी १०.१५)

माझा प्रतिसाद भाच्यापेक्षा इतरांसाठी. मी मालवणात पर्यटकांना स्कुबाला पाण्यात नेतो. प्रत्येक बॅचला पहिला नियम सांगतो, पाण्याखाली श्वास कधीच धरायचा नाही, आणि प्रत्येक बॅचमध्ये एकजण तरी घाबरून श्वास धरून वर यायला बघतो. दहा मीटर खाली दाब दुप्पट असतो, तिथे फुप्फुसभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास सोडत आलात तर ठीक, धरून आलात तर ती कुठून तरी वाट काढणारच, मग ते मान कुरकुरणं, फुप्फुस बसणं किंवा हवा थेट रक्तात जाऊन मेंदूत अडकणं, यातलं काहीही. आणि खूप खोल जावं लागतं असं नाही, दोन-तीन मीटरलाही होऊ शकतं. म्हणून फॉर्मवर दमा आहे का, छातीचं ऑपरेशन झालंय का हे विचारतो, आणि लोक बिनधास्त नाही लिहितात कारण पैसे भरलेले असतात. कृपा करून खरं लिहा. पैसे परत मिळतील.

---

दोनदा_पंक्चर (बुधवार, सकाळी ११.००)

तारकर्लीकर, मला याचसाठी कायमची बंदी आहे. दुसऱ्यांदा त्याच बाजूला झालं तेव्हा दुर्बिणीतून ऑपरेशन केलं, फुप्फुसाच्या टोकावरचे पातळ फुगे स्टेपल करून काढले आणि आतलं अस्तर खरवडलं, म्हणजे फुप्फुस भिंतीला चिकटून राहतं. तरी स्कुबा नको म्हणाले. विमानाचं विचारलं होतं, तर एक्स-रे पूर्ण साफ झाल्यावर किमान सात दिवस थांबा असं सांगितलं, कारण विमानातला दाब आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा असतो आणि अडकलेली हवा तिथे साधारण तिसऱ्या हिश्श्याने फुगते.

डॉक्टर, एक विचारतो, आता म्हणे न्यूमोथोरॅक्सलाही नळी घालत नाहीत? मग माझे पाच दिवस फुकट गेले का?

---

बरगडीमागचा (बुधवार, रात्री ८.४०)

फुकट नाही, तुमचा श्वास अर्ध्यावर अडकत होता. पण विचार बदललाय हे खरं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ३१६ तरुण पेशंटांवर एक चाचणी झाली, २०२० मध्ये छापून आली. पहिल्यांदाच झालेला, मध्यम ते मोठा न्यूमोथोरॅक्स, पण पेशंट स्थिर. निम्म्यांना नळी, निम्म्यांना नुसतं थांबून बघणं. थांबलेल्या १६२ जणांपैकी फक्त २५ जणांना पुढे काही करावं लागलं, आणि आठ आठवड्यांनी फुप्फुस फुगण्यात दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. म्हणून आता एक्स-रेतल्या आकारापेक्षा पेशंट कसा आहे हे आधी बघतो. पण हे धडधाकट तरुणांचं. टीबीने किंवा सिगरेटीने खराब झालेल्या फुप्फुसात थोडीशी हवाही महाग पडते, आणि आपल्याकडे टीबी काही कमी नाही, तिथे बहुतेकदा नळी घालावीच लागते. सिगरेट सुटली का?

---

दोनदा_पंक्चर (बुधवार, रात्री ९.०२)

सुटली. म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात.

---

कृष्णाकाठची_मावशी (पुढचा मंगळवार, संध्याकाळी ६.३०)

अपडेट देते. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज दिला होता. आज एक्स-रे झाला, साफ आहे. कुरकुर शुक्रवारपासूनच गेली, आवाज परत आला. सोडताना डॉक्टरांनी लिहून दिलं की धाप वाढली, ताप आला, गिळताना दुखलं किंवा मान-चेहरा पुन्हा सुजला तर घड्याळ न बघता या. तसं काही झालं नाही. पंप सुरू, सकाळ-संध्याकाळ, ताई समोर उभी राहून घ्यायला लावते, नंतर चूळ भरायला पण.

तो शिकाऊ डॉक्टर खरंच आला होता, त्याने ऐकलं, मग आणखी तिघांना घेऊन आला. भाच्याने चौघांना डाव्या कुशीवर वळून ऐकवलं, वॉर्डात हिरो.

आता त्याचा प्रश्न, शब्दशः लिहिते: "डॉक्टरकाकांना विचार, मिरवणुकीत शंख वाजवू शकतो का, निदान शेवटचा नाद."

---

बरगडीमागचा (पुढचा मंगळवार, रात्री १०.२०)

यंदा नाही. शेवटचाही नाही, पहिलाही नाही. पुढच्या वर्षी दमा ताब्यात असेल, फुंकून घेतलेली तपासणी चांगली आली, तर बोलू, हे सहसा परत होत नाही. जोर लावायची कामं, जिम, पोहणं सध्या बंद. मिरवणुकीत गुलाल आणि धुरापासून लांब राहायचं, पंप खिशात.

---

कृष्णाकाठची_मावशी (पुढचा मंगळवार, रात्री १०.३५)

सांगितलं. अर्धा तास तोंड फुगवून बसला होता (हेही चालत नसेल ना?). मग पथकाच्या दादांनी स्वतःच फोन केला, त्याला झेंडा धरायला पहिल्या रांगेत घेतलंय. आणि आजी रोज तिन्हीसांजेला दिवा लावून झाला की त्याची मान दोन्ही बाजूंनी दाबून बघतात, कुरकुरते का ते, आणि नाही कुरकुरली की म्हणतात, बघ, हिंगाने उतरला की नाही गॅस.